पावणेतीनची मेजवानी

१

बुडून मेलेला कॅप्टन शनिवारी जिवंत व्हायचा होता. तो बुधवारी सकाळीच झाला, आणि आमच्या छापखान्यावर आभाळ कोसळलं.

लिनॉकसाहेबांची 'कॅरवे हॉलची वारसदार' ही कादंबरी पाच महिने आमच्या साप्ताहिकात हप्त्याहप्त्यानं येत होती. लंडनमधल्या मोलकरणींपासून वकिलांपर्यंत सगळे शनिवारची वाट बघत. या शनिवारच्या हप्त्यात धाकट्या बहिणीच्या साखरपुड्याची मेजवानी रंगात आलेली असताना दार उघडतं आणि समुद्रानं गिळलेला कॅप्टन हातात मेणबत्ती घेऊन आत येतो. हे गुपित आमच्या मालकांनी, हॅदरसेजसाहेबांनी, स्वतःच्या दातांपेक्षा जास्त जपलं होतं. आणि बुधवारी कोपऱ्यावरच्या दुकानात 'गॅरवे हॉलची वारसदार' लटकत होती. किंमत एक पेनी, लेखकाचं नाव म्हणे 'लिम्नॉक'. तिच्यात कॅप्टन मेजवानीला येऊनसुद्धा बसला होता.

नक्कल आम्हाला नवी नव्हती. कुठलीही कादंबरी चालली की महिन्याभरात तिच्या चार भ्रष्ट आवृत्त्या निघतात. नाव एका अक्षरानं बदलायचं, नायिकेचे केस काळ्याचे सोनेरी करायचे, झालं. पण नक्कल अस्सलाच्या मागून येते. ही मेली तीन दिवस पुढे धावत होती, आणि तेही सलग तिसऱ्या हप्त्याला.

मी केझाया पिम. या छापखान्यात घडी-शिलाईची मुकादम आहे. चौदा बायका माझ्या हाताखाली कागद मोडतात आणि शिवतात. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. मला या जगात एकच माणूस आहे, माझा धाकटा भाऊ जेथ्रो बेंडल. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता. मी त्याला वाढवलं आणि याच छापखान्यात सात वर्षं उमेदवारी करायला लावून खिळे जुळवणारा कंपोझिटर केलं.

त्या बुधवारी मालकांनी सगळ्यांना वरच्या दालनात बोलावलं, जिथे शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवतात. तीस माणसं आपापल्या खिळ्यांच्या पेट्यांपाशी उभी होती. बोलले मात्र मालक नाहीत, त्यांचा पुतण्या क्रिस्पिन बोलला. हे धाकटे मालक. बारा वर्षं कचेरीत बसतात, पण शाईचा वास सोसत नाही म्हणून दालनाचा उंबरा क्वचितच ओलांडतात. त्या दिवशीही जांभळट हातमोजे काढले नव्हते.

"आधीच्या दोन चोऱ्यांनंतर काकांनी हा हप्ता कुलूपबंद खोलीत जुळवून घेतला," धाकटे मालक म्हणाले. "हस्तलिखित काकांच्या कपाटातून एका माणसाच्या हातात गेलं आणि तिथूनच परत आलं. प्रेवेटनी प्रूफं तपासली ती काकांच्या डोळ्यांसमोर. मीसुद्धा त्यातली एक ओळ पाहिलेली नाही. मग बाहेर कोण बोललं?"

सगळ्यांच्या माना माझ्या भावाकडे वळल्या. तो हप्ता त्यानंच जुळवला होता.

"खिसे उलटे कर, बेंडल," धाकटे मालक म्हणाले.

जेथ्रोनं खिसे उलटे केले. त्यातून पाईप, सुतळी आणि पावाचा तुकडा निघाला. माझ्या अंगाची लाहीलाही झाली.

"शनिवारी दुपारपर्यंत तुला मुदत आहे," मालक खालच्या आवाजात म्हणाले. "कबूल केलंस तर नुसता जाशील. नाहीतर लंडनच्या प्रत्येक छापखान्याला माझं पत्र जाईल."

कंपोझिटरच्या नावानं असं पत्र फिरलं की त्याला कुणी दारात उभं करत नाही. जेथ्रोला दुसरं काही येत नव्हतं.

"मी चोरी केलेली नाही, मालक," तो म्हणाला. एवढंच म्हणाला. तेव्हापासून त्याच्याशी कुणी बोललं नाही.

२

गुरुवारी अंकाचे छापील ताव घडीला खाली आले. माझे हात झोपेतसुद्धा कागद मोडतील, त्यामुळे डोळे मोकळे असतात. एका बाजूला आमचा हप्ता आणि दुसऱ्या बाजूला ती पेनीची घाण ठेवून मी दोन्ही ओळीनं वाचायला घेतलं.

शेजारी बसणारी जुनी हेप्सिबा म्हणाली, "पिम बाई, कशाला जिवाला लावून घेता? चोर शोधायला पोलीस आहेत."

"पोलिसांना चोरलेली घोडी सापडते गं. चोरलेला कॅप्टन त्यांना कसा सापडणार?"

"आणि तुम्हाला सापडेल?"

"न सापडून सांगतोय कुणाला!"

तासाभरात पहिली गोष्ट लक्षात आली. प्रसंग तोच होता, पण शब्द एकही तो नव्हता. आमच्या कॅप्टनचं पहिलं वाक्य असं आहे की वाचणारा पान उलटायचं विसरतो. तिकडचा कॅप्टन "अहो, मी आलो!" असं पाहुण्यासारखं म्हणतो. आमच्या हप्त्याचा निम्मा भाग छोट्या डॉलीचा आहे. ती पडद्यामागे लपलेली असते आणि आपल्या भावाला, कॅप्टनला, सगळ्यांत आधी तीच ओळखते. नकलेत डॉलीचा पत्ताच नाही. हस्तलिखित हातात असलेला चोर सोनं टाकून पितळ कशाला उचलेल?

दुसरी गोष्ट अशी की आमच्या कॅप्टनच्या उजव्या गालावर व्रण आहे आणि मेणबत्ती उजव्या हातात आहे. नकलेत दोन्ही डावीकडे होतं.

आणि तिसरी गोष्ट वाचून मला हसूच फुटलं. आमच्या मेजवानीत भिंतीवरच्या घड्याळात सव्वानऊ झालेत. नकलेत पावणेतीन! दिवसा पावणेतीनला मेणबत्त्या लावता येईनात, म्हणून त्या लिम्नॉकनं सगळे पाहुणे रात्री पावणेतीनला सूप पीत बसवले होते.

"रात्री पावणेतीनला सूप!" हेप्सिबा म्हणाली. "आचाऱ्यानं खून केला असता."

हे सगळं घेऊन मी मालकांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं, पण धाकटे मालक शेजारी बसले होते.

"माग लपवायला मुद्दाम बदललंय, पिम बाई," ते गोड हसून म्हणाले. "भावावर माया असणं चांगलंच आहे म्हणा."

मी दार जरा जोरातच लावलं. पण त्यांचं म्हणणं डोक्यात राहिलं. लपवायचं असेल तर माणूस सव्वानऊचे दहा करील, आठ करील. गळ्याशी येणारे पावणेतीन कोण करतं?

३

मजकूर ठाऊक असलेले आणखी दोघे होते. मुद्रितशोधक प्रेवेट आणि चित्रकार लोमस.

प्रेवेट म्हणजे आंबट तोंडाचा माणूस. त्यानं एकेकाळी लिहिलेली कादंबरी मालकांनी परत केली होती, म्हणून मी त्याच्याकडे आधी गेले.

"माझा संशय येतोय का, बाई?" त्यानं चष्म्यावरून विचारलं. "खुशाल येऊ द्या. पण ही नक्कल वाचलीत ना? पहिल्या पानावर अकरा चुका आहेत. मी चोरी करीन, बाई. अशी वाक्यं नाही लिहिणार."

त्याच्या गर्वावर माझा विश्वास बसला. शिवाय त्यानं डॉलीची पानं दोनदा तपासली होती. ती तो सोडता ना.

लोमस यंत्राच्या खोलीत सापडला. बिअरचा वास होता, पण हात स्थिर. लिनॉकसाहेब त्याला प्रसंगाची चिठ्ठी आठवडाभर आधी पाठवतात आणि तो लाकडी ठोकळ्यावर थेट चित्र काढतो. मग कोरणारे रेघांमधलं लाकूड काढून टाकतात.

"डॉली तुम्हीच काढलीत?" मी विचारलं.

"म्हणजे काय! पडद्याची घडी बघा, त्या घडीसाठी मी दोन दिवस घालवले. तिला वगळणाऱ्याचे हात झडोत."

तोही सुटला. मग उरलं कोण? जेथ्रोच उरला. मी यंत्राशेजारच्या बाकावर टेकले. छपाई नुकतीच संपली होती. यंत्रवाल्यानं फर्मा, म्हणजे खिळ्यांची बांधलेली चौकट, उतरवून माझ्यासमोर टेबलावर ठेवला आणि फडक्यानं शाई पुसली. खिळ्यांच्या मधोमध कॅप्टनचा ठोकळा होता.

मी घडीवाली बाई. छापलेला कागद हजारदा पाहिलाय, पण ठोकळ्याकडे कधी निरखून बघितलं नव्हतं. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं तसं ठोकळ्यावरचं चित्रही उलटंच असतं. कागदावर उमटताना ते सुलट होतं. मेणबत्ती कॅप्टनच्या डाव्या हातात होती. व्रण डाव्या गालावर होता.

भिंतीवरच्या घड्याळात पावणेतीन वाजले होते.

४

चोरानं मजकूर पाहिलाच नव्हता. त्यानं लाकूड पाहिलं होतं.

मी लोमसचा दंड धरला. "छापलेल्या चित्रात ती बारीक पांढरी रेघ कसली?"

"सांधा आहे तो. ज्या लाकडाचा ठोकळा करतात ते खोड बारीक असतं. मोठं चित्र असलं की दोन तुकडे बोल्टनं जोडतात. मी चित्र काढलं की तुकडे सुटे करून दोघांकडे देतात, म्हणजे काम लवकर उरकतं."

रेघेच्या एका बाजूला कॅप्टन, टेबल आणि घड्याळ होतं. दुसऱ्या बाजूला पडदा आणि डॉली, बस्स. नकलेत जे जे होतं ते सगळं एकाच तुकड्यावर होतं.

"हा मोठा तुकडा कुणी कोरला?"

"टॅम्सिन ऑर्चर्डनं. का हो?"

मिस ऑर्चर्ड छापखान्यामागच्या गल्लीत राहते. आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून ती काम घरी आणते. मी गेले तेव्हा खिडकीशी बसून भिंगातून बघत कोरत होती. वय असेल पंचविशीचं, पण डोळे चाळिशीचे. मी सगळं सांगितलं तशी तिच्या हातातली कोरणी खाली आली.

"पिम बाई, देवाशपथ, मी कुणालाही काही विकलं नाही."

"माहीत आहे मला. तू विकलं असतंस तर घड्याळात सव्वानऊ असते. तुझ्या धंद्यातल्या माणसाला उलटं चित्र सुलटच दिसतं. ज्यानं हा तुकडा पाहिला त्याला लाकडाची ओळख नाही. कोण येतं गं तुझ्याकडे?"

ती लाल झाली. आतून आईचा आवाज आला, "टॅम्सी, रविवारचे ते साहेब आलेत का?"

मी तिच्यासमोर स्टूल ओढून बसले. 

"ते आईला वाचून दाखवतात," मिस ऑर्चर्ड शेवटी म्हणाली. "मला लग्नाचं विचारलंय त्यांनी. पण घरचे तयार होईपर्यंत नाव कुणाला सांगायचं नाही असं वचन घेतलंय. ते असं करणार नाहीत, बाई. ते नुसते शेजारी बसतात आणि विचारतात, हा कोण, ती कोण."

"आणि तू सांगतेस."

"हो." तिचा आवाज अगदी बारीक झाला. "मला वाटायचं त्यांना माझ्या कामाचं कौतुक आहे."

मला तिची दया आली आणि रागही आला. राग तिचा नव्हता. "वचन मोडू नकोस," मी म्हटलं. "पण उद्या अकरा वाजता मालकांच्या कचेरीत येऊन बस. माझ्या भावाचं आयुष्य पणाला लागलंय. तुला एक शब्दही बोलावा लागणार नाही. नंतर बोलावंसं वाटलं तर ती तुझी मर्जी."

तिनं कोरणी उचलली आणि पुन्हा कोरायला घेतलं. तिथून मी तडक लोमसकडे गेले आणि त्याला एक लहानसं चित्र काढायला सांगितलं.

५

शुक्रवारी अकराला मी न विचारता कचेरीत शिरले. मागोमाग प्रेवेट, लोमस आणि जेथ्रो. मिस ऑर्चर्ड दाराजवळच्या खुर्चीत मान खाली घालून बसली होती. धाकट्या मालकांनी तिच्याकडे पाहिलं आणि लगेच खिडकीबाहेर पाहिलं.

"हे काय चाललंय?" मालक गरजले.

"पाच मिनिटं द्या, मालक. त्यानंतर जेथ्रोबरोबर मलाही काढून टाका."

मी फडक्यातून लोमसचा नवा ठोकळा काढून टेबलावर ठेवला. पांढऱ्या पृष्ठभागावर पेन्सिलीनं एक स्वयंपाकघर काढलं होतं. चूल, मांजर आणि भिंतीवर घड्याळ.

"प्रत्येकानं एका चिठ्ठीवर लिहायचं. या चित्रात किती वाजलेत? लोमस सोडून, कारण त्यानंच काढलंय. मालक, तुम्हीसुद्धा."

"पोरखेळ!" धाकटे मालक म्हणाले.

"मग लिहायला काय हरकत आहे?" प्रेवेट म्हणाला. त्याला मजा वाटू लागली होती.

चौघांनी लिहिलं. चिठ्ठ्या मी मालकांच्या हातात दिल्या. त्यांनी एकेक उलगडून मोठ्यानं वाचली.

"बेंडल, चार वाजून दहा मिनिटं. प्रेवेट, चार वाजून दहा. माझी, चार वाजून दहा." मग ते थांबले. "क्रिस्पिन, आठाला दहा कमी."

धाकटे मालक हसले. "तिघांनीही चष्मे बदला! काका, बघा ना, लहान काटा आठाजवळ आणि मोठा दहावर. आंधळ्यालाही दिसेल."

 मालक पुतण्याकडे बघत राहिले. ते स्वतः तेराव्या वर्षी खिळे जुळवायला बसलेले. त्यांना मी बोलण्याआधीच समजलं असावं.

"क्रिस्पिन," ते सावकाश म्हणाले, "ठोकळ्यावर सगळं उलटं असतं रे. माझ्या छापखान्यातल्या झाडूवाल्यालाही ठाऊक आहे. बारा वर्षांत तुला कळलं नाही?"

"त्यानं काय सिद्ध होतं?" धाकट्या मालकांचा चेहरा उतरला, पण आवाज चढला. "मला लाकूड वाचता येत नाही, हा काय गुन्हा झाला?"

"गुन्हा नाही," मी म्हणाले. "पण नक्कल लिहिणाऱ्यालाही येत नव्हतं. त्यानं व्रण उलटा पाहिला, हात उलटा पाहिला आणि सव्वानऊचे पावणेतीन वाचले. तुकड्यावर नसलेली डॉली त्याला दिसलीच नाही. मजकूर त्याला मिळाला नव्हता, म्हणून शब्द त्याचे स्वतःचे. हा ठोकळा कोरायला गेल्यापासून तो पाहणाऱ्या माणसांत धंद्याबाहेरचा एकच आहे. जो रविवारी एका आजारी बाईला वाचून दाखवायला जातो."

"नाव सांगा," मालक म्हणाले.

मला ते सांगता येत नव्हतं. माझ्याजवळ अंदाज होता, पुरावा नव्हता. मी मिस ऑर्चर्डकडे पाहिलंही नाही. 

खुर्ची सरकली.

"तुम्ही मला विचारलं होतंत," मिस ऑर्चर्ड उभी राहून क्रिस्पिनना म्हणाली, "की या घरात पावणेतीनला कसली मेजवानी असते. मला वाटलं थट्टा करताय. मी हसले होते." ती एक पाऊल पुढे आली. "मला एकच सांगा. तुम्ही माझ्यासाठी येत होतात की ठोकळ्यासाठी?"

 धाकटे मालक काकांकडे वळले.

"तुम्ही माझी कादंबरी न वाचता परत केलीत! 'तुला लिहिता येत नाही' म्हणालात. आज लिम्नॉकला हजारो लोक वाचतात. तो लिम्नॉक मी आहे!"

"वाचली होती मी," मालक म्हणाले. "म्हणूनच परत केली."

६

धाकटे मालक गेले. हातमोजे टेबलावरच राहिले. मिस ऑर्चर्डला प्रेवेट घरापर्यंत सोडायला गेला. त्या आंबट माणसानं तिला छत्री धरलेली मी खिडकीतून पाहिली.

मालकांनी कपाळ चोळलं. मग म्हणाले, "ठीक आहे, बेंडल. कामाला लाग."

जेथ्रो वळला. मी दारात आडवी उभी राहिले.

"नाही, मालक."

"आता काय, पिम बाई?"

"तुमच्या माणसानं त्याला चोर म्हटलं ते तीस जणांसमोर. खिसे उलटे केले ते तीस जणांसमोर. निर्दोष मात्र बंद खोलीत?"

"ताई, जाऊ दे ना," जेथ्रो कुजबुजला.

"तू गप्प बस रे!"

मालक लाल झाले. "बाई, तुम्ही कुणाशी बोलताय ते विसरताय."

"नाही विसरत. चौदा वर्षं तुमचं मीठ खाल्लंय. उद्या काढलंत तर जाईन. पण तुम्ही आज वर येऊन बोलल्याशिवाय मी या दारातून हलणार नाही."

हॅदरसेजसाहेबांनी उभ्या जन्मात कुणाची माफी मागितली नव्हती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग टोपी काढून हातात घेतली आणि मला बाजूला व्हायला खूण केली.

वरच्या दालनात ते मधोमध उभे राहिले. सगळे हात थांबले.

"जेथ्रो बेंडल चोर नाही," ते म्हणाले.  "चोर माझ्या घरातला होता. मी परक्याच्या पोरावर आळ घेतला. बेंडल, मला माफ कर."

 मग खिडकीजवळच्या म्हाताऱ्या अबेलनं लोखंडी पट्टी उचलली आणि खिळ्यांच्या पेटीवर ठण्णकन हाणली. उमेदवाराची सात वर्षं पुरी होतात त्या दिवशी छापखान्यातले लोक असं ठोकून त्याला आपल्यात घेतात. एरवी कुणासाठी करत नाहीत. दुसऱ्यानं हातोडी घेतली, तिसऱ्यानं पत्रा घेतला, आणि बघता बघता तीसच्या तीस माणसं ठोकू लागली. खिडक्यांच्या काचा थरथरायला लागल्या. खालच्या गल्लीतले लोक वर बघू लागले.

मालक तिथेच उभे होते. मला वाटलं निघून जातील. त्यांनी टोपी एका पेटीवर ठेवली, शेजारचा लाकडी हातोडा घेतला आणि तेही ठोकू लागले. जुन्या कंपोझिटरसारखे, तालात, डोळे मिटून.

जेथ्रोनं वर पाहिलं नाही. तो आपल्या जागेवर जाऊन खिळे जुळवायला लागला होता. अक्षरं गळून पडत होती आणि तो ती पुन्हा पुन्हा उचलत होता. तीन दिवस मी डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. त्या गोंगाटात मी मनसोक्त रडून घेतलं.